रॉक बँडचा बाजार आणि गाण्याची मालकी

हमाल-मापाड्यांच्या संघटनेत ज्याची हयात गेली, त्याने वसंत व्याख्यानमालेत किमान वेतनावर बोलावे, फार तर १९६९ च्या माथाडी कायद्यावर बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आम्ही या वेळी विषय निवडला तो रॉक बँडचा. हे कळताच मोंढ्यातले आमचे जुने सहकारी हसले. "तुम्हांला त्यातले काय कळते?" असे त्यांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढे जे वाचले ते पाठीवरचे पोते उतरवून, दिव्याखाली बसून वाचले. संगीतातले आम्हांस कळत नाही हे आम्ही प्रारंभीच कबूल करतो. परंतु मजुरीतले कळते, कराराच्या कागदातले कळते. आणि ज्याच्या हाताने माल तयार होतो त्याच्या हाती शेवटी काय उरते, हा प्रश्न तर आम्ही रोज काट्यापाशी उभे राहून पाहतो. रॉक बँडच्या गोष्टीत नेमका हाच प्रश्न आहे, म्हणून तिची उजळणी करावयाची.

प्रथम रॉक बँड म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे तमाशाचा फड असतो. त्यात ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुणेवाला, सोंगाड्या आणि गाणारणी मिळून एक जिन्नस उभा करतात; एकट्याने तो उभा राहत नाही. रॉक बँडही तसाच चार-सहा जणांचा फड आहे. विजेवर वाजणाऱ्या दोन गिटारी, खर्जाची एक गिटार, ढोल-झांजांचा मोठा संच, पेटीच्या जागी विजेचा कीबोर्ड आणि एक गाणारा. लग्नाच्या बँडशी नावाचे साम्य आहे एवढेच. लग्नाचा बँड लोकांना ठाऊक असलेली गाणी वाजवतो. रॉक बँडची प्रतिष्ठा मात्र स्वतः रचलेल्या गाण्यावर अवलंबून असते. हा भेद ध्यानात ठेवावा, कारण पुढचे सारे विवेचन त्यावर उभे आहे.

महाराष्ट्रात या प्रकारचा सर्वांत नावाजलेला फड मुंबईत १९८४ साली उभा राहिला. त्याचे नाव रॉक मशीन. महेश तिनईकर, मार्क सेल्विन, मार्क मेनेझिस, जयेश गांधी, झुबिन बालापोरिया आणि गायक उदय बेनेगल ही त्यातील ठळक नावे. नावांवरूनच कळेल की मुंबईतल्या निरनिराळ्या समाजांची मुले एका कामासाठी एकत्र आली होती. त्या काळी परदेशी वाद्यांवर जबर जकात असे. चांगली गिटार मिळवणे हे आपल्याकडे ट्रॅक्टर घेण्याइतके अवघड होते. म्हणजे हत्यारे महाग आणि गिऱ्हाईक थोडे. अशा धंद्यात माणसाला पहिल्या दिवसापासून कोणाचा तरी आश्रय लागतो.

हा आश्रय पूर्वी कोण देत असे? १९७० आणि १९७१ साली 'सिमला बीट' नावाची बँडांची स्पर्धा झाली. ती भरवणारी होती सिगारेट विकणारी इंपीरियल टोबॅको कंपनी, आणि 'सिमला' हे तिच्या सिगारेटचे नाव. देशभरातले बँड त्या स्पर्धेत वाजले आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या. यात वाजवणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांना मंच मिळाला. पण मंच का मिळाला? तर सिगारेट खपावी म्हणून. सिगारेट खपवण्याचा दुसरा मार्ग सापडला की मंच जाणार, हे त्यातच आले. रॉक मशीनच्या काळी परिस्थिती थोडी सुधारली होती. महाविद्यालयांचे उत्सव होते, आणि १९८६ पासून मुंबईत 'इंडिपेंडन्स रॉक' हा वार्षिक मेळावा सुरू झाला. धोबी तलावाजवळच्या रंगभवनच्या उघड्या मंडपात तरुणांची गर्दी उसळत असे. पुढे रंगभवनचा परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि तेथले कार्यक्रम थांबले. जागा स्वतःची नसली की असे व्हावयाचेच.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. हा बँड आरंभी परदेशी बँडांची गाणी वाजवीत असे, कारण श्रोत्यांची मागणी तीच होती. नक्कल हुबेहूब वठली की टाळ्या पडत. या कामाचे अर्थशास्त्र हमालीचे आहे. आज वाजवले, आज पैसे मिळाले. उद्या हात थांबला की चूल थांबली. मग या मंडळींनी धाडस केले आणि स्वतःची गाणी रचून वाजवण्यास सुरुवात केली. १९८८ साली त्यांचा 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा पहिला संच आणि १९९० साली 'द सेकंड कमिंग' हा दुसरा निघाला. या पावलाचा अर्थ पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दुसऱ्याचे गाणे वाजवणारा श्रम विकतो. स्वतःचे गाणे रचणारा श्रमही करतो आणि त्याबरोबर एक मालमत्ताही निर्माण करतो. बटईने शेत कसणाऱ्याने स्वतःचे एक एकर घ्यावे, तसे हे आहे. एकर लहान असेल, कोरडवाहू असेल, पण सात-बाऱ्यावर नाव आपले लागते. अर्थात ते लागले की नाही, हे तलाठ्याकडे जाऊन पाहावे लागते. गाण्याच्या बाबतीत हा उतारा फारच थोडे लोक पाहतात.

शेत झाले, माल झाला, आता बाजार. आपल्या देशात गाण्याची मोठी पेठ म्हणजे चित्रपट. कित्येक दशके ध्वनिमुद्रिकांचा धंदा जवळजवळ एका ग्रामोफोन कंपनीच्या हाती होता. १९८० नंतर कॅसेट आली, यंत्रे स्वस्त झाली, आणि लहानमोठ्या कंपन्या गावोगाव निघाल्या. मराठी लोकगीतांना, भीमगीतांना आणि कव्वालीला या कॅसेटने केवढे दालन उघडले, ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. प्रल्हाद शिंदे आणि त्यांच्या मुलांचे आवाज हिंगोली-वसमतच्या प्रत्येक चहाच्या हॉटेलात घुमत होते. परंतु इंग्रजीत गाणाऱ्या मुंबईच्या बँडला हे हॉटेल बंद होते. त्याला दुसरा दरवाजा हवा होता, आणि तो १९९१ साली उपग्रहातून उघडला.

त्या वर्षी स्टार टीव्हीबरोबर एम्‌टीव्ही ही गाण्यांची परदेशी वाहिनी भारतात दिसू लागली. देशात उदारीकरण सुरू झाले तेही त्याच वर्षी. १९९३ साली रॉक मशीनने आपले नाव बदलून 'इंडस क्रीड' असे ठेवले. जुन्या नावात यंत्र होते, नव्या नावात सिंधू नदी आली. जगाच्या बाजारात उभे राहावयाचे तर आपण कोठले हे नावावरून कळले पाहिजे, हा त्यातला हिशेब उघड आहे. आमची हळदही बाहेर जाताना पोत्यावर गावाचे नाव मागते. त्यांच्या 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या चित्रफितीला एम्‌टीव्हीचे पारितोषिक मिळाले, आणि १९९५ साली 'इंडस क्रीड' याच नावाचा संच निघाला. त्या सुमारास आम्ही हिंगोलीत एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात उभे होतो. काम संघटनेच्या कर्ण्याचे होते. पडद्यावर लांब केसांची मंडळी गिटार वाजवीत होती. दुकानदार म्हणाला, "हे आपल्या मुंबईचे आहेत." आम्हांस ते खरे वाटले नाही. पण इतके खरे की, मुंबईच्या चार-सहा मुलांचे गाणे कोणत्याही चित्रपटाच्या कुबडीशिवाय हिंगोलीच्या त्या दुकानापर्यंत पोहोचले होते. यालाच व्यापारी यश म्हणत असतील तर ते त्या दिवशी आम्ही पाहिले.

मग हे यश टिकले का नाही? कारण दरवाजा परक्याचा होता. १९९४ साली एम्‌टीव्ही आणि स्टार यांचे जमेनासे झाले व तिच्या जागी चॅनेल व्ही आली. १९९६ साली एम्‌टीव्ही स्वतंत्रपणे परतली. या दोघींच्या चढाओढीत एक गोष्ट त्यांना कळून चुकली की, या देशात जाहिरातदाराला हवी असलेली गर्दी हिंदी गाण्यापाशी आणि विशेषतः चित्रपटाच्या गाण्यापाशी आहे. १९९५ साली अलिशा चिनॉय यांच्या 'मेड इन इंडिया' या हिंदी संचाने जो खप मिळवला, त्याने हे सिद्धच केले. वाहिन्यांनी तोंड फिरवले. इंग्रजी रॉकचे ऊन त्या अंगणातून सरकले. १९९७ साली इंडस क्रीड मोडला. यात कोणी कपट केले असे नव्हे. वाहिनी ही जाहिरातदाराची चाकर. जाहिरातदाराची गरज बदलली, वाहिनी बदलली. सिगारेटच्या मंचाची जी गोष्ट, तीच उपग्रहाच्या मंचाची.

पुढे तेरा वर्षांनी, २०१० साली, हा बँड काही जुन्या आणि काही नव्या माणसांसह पुन्हा उभा राहिला आणि २०१२ साली त्यांचा 'इव्हॉल्व्ह' हा संच आला. वये वाढली होती, केस पिकले होते. आता कॅसेट गेली होती आणि इंटरनेटचे दालन उघडले होते. येथे दरवाजावर पहारेकरी नाही असे म्हणतात. पण दरवाजा अजून दुसऱ्याचाच आहे. पहारेकऱ्याच्या जागी यंत्र बसले आहे एवढाच फरक. अशा तीन दारांतून जाऊनही ज्यांनी वाजवणे सोडले नाही, त्यांच्या चिकाटीचे आम्हांस कौतुक वाटते.

येथे एक आक्षेप घेतला जातो. जाणकार म्हणतात, कलावंताने बाजाराच्या मागे लागू नये. लागला की तो बाजारी झाला. आम्हांला हा आक्षेप मान्य नाही. हमाल मजुरी मागतो तेव्हा त्याला कोणी बाजारी म्हणत नाही. शेतकरी हळकुंड घेऊन यार्डात येतो तेव्हा तो मातीशी बेइमान झाला असे कोणी म्हणत नाही. मग गाणाऱ्यानेच उपाशी राहून पवित्र का राहावे? आपले गाणे पुष्कळांच्या कानी पडावे आणि त्यावर आपले घर चालावे, ही इच्छा सरळ आहे. मात्र बाजार मालाचा आकार बदलावयास सांगतो, हे खरे. काय बदलावे आणि काय बदलू नये याचा निर्णय ज्याचा त्याने करावयाचा असतो. इंडस क्रीडने नाव बदलले, पण आपली इंग्रजी भाषा सोडली नाही. त्याची किंमत त्यांनी मोजली. दिल्लीत १९९० साली निघालेल्या 'इंडियन ओशन' या बँडने आपल्या भाषांत गाऊन वेगळी वाट धरली. २००० साली त्यांचा 'कंदिसा' हा संच गाजला, आणि पुढे 'ब्लॅक फ्रायडे' या चित्रपटाने त्यांचा आवाज घराघरांत नेला. दोन्ही वाटा प्रामाणिकच आहेत. आम्ही विचारतो ते इतकेच, की वाटेच्या शेवटी जकात कोण गोळा करतो?

कारण कीर्ती आणि भाकरी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. विठाबाई नारायणगावकरांचे उदाहरण महाराष्ट्राने विसरू नये. राष्ट्रपतींच्या हातचा सन्मान त्यांना मिळाला, त्यांच्या फडाला पंचक्रोशी लोटत असे. आणि २००२ साली त्या गेल्या त्या हलाखीत. फडाचा व्यवहारच असा की, फडमालक सावकाराकडून कर्ज काढतो, कलावंत फडमालकाकडून उचल घेतो, आणि हंगाम संपतो तो उचल फेडण्यात. रोजच्या बारीवर पोट. बारी थांबली की काहीच नाही. ज्या मालमत्तेतून वार्धक्यात चार पैसे यावेत, अशी काही मालमत्ता त्या हिशेबात नसतेच.

रॉकच्या जगात ती आहे, पण तीही हातात राहतेच असे नाही. जगातला सर्वांत यशस्वी बँड बीटल्स. जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांनी आपल्या गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्क सांभाळण्यासाठी जी कंपनी काढली होती, ती १९६९ साली त्यांच्या हातून गेली, आणि १९८५ साली ते हक्क मायकेल जॅक्सन यांनी विकत घेतले. ज्यांनी गाणी रचली त्यांनाच त्या बाजारात आपली गाणी परत घेता आली नाहीत. कोट्यधीश माणसांची ही गत, तर आपल्याकडच्या शाहिराचे काय होत असेल?

आपल्याकडे हा झगडा जुना आहे. १९६० नंतरच्या काही वर्षांत लता मंगेशकरांनी गायकांना मानधनाखेरीज ध्वनिमुद्रिकेच्या विक्रीवर वाटा मिळावा अशी मागणी केली. महंमद रफींचे मत असे की, गाऊन पैसे घेतले, तेथे व्यवहार संपला. दोघेही थोर, पण या मतभेदापायी काही वर्षे ती दोघे एकत्र गायली नाहीत. आम्ही कामगार चळवळीतले लोक येथे लताबाईंच्या बाजूचे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, चित्रपटासाठी मोबदला घेऊन रचलेल्या संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माता होय. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्याच निकालाला आपली टिपणी जोडून, गाणाऱ्याला कायद्यात हक्कच नाही याची खंत नोंदवली. १९९४ साली सादर करणाऱ्यांचा हक्क कायद्यात आला. २०१२ साली मूळ १९५७ च्या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी तिच्यासाठी आवाज उठवला होता. चित्रपटगृहात चित्रपटाबरोबर गाणे वाजते तेवढे सोडून, अन्य उपयोगातून येणाऱ्या मानधनात गीतकार आणि संगीतकार यांचा समान वाटा ठरला. आणि हा वाटा वारसांना किंवा हक्कसंस्थेला देता येतो, पण कंपनीला लिहून देता येत नाही. म्हणजे माणसाने गरजेपोटी सही केली तरी तो वाटा कायदा त्याच्यापाशी राखतो. किमान वेतनाच्या कायद्याचे तत्त्व हेच आहे: कामगार कमी पगाराला कबूल झाला, तरी ते कबूल होणे ग्राह्य नाही.

आता आमची स्वतःची एक चूक सांगावयाची आहे, आणि खरे पाहता तिच्यासाठीच हा विषय घेतला. नव्वदीच्या दशकात आमच्या संघटनेत एक हमाल होता. दिवसभर पोती उचलून रात्री तो डफावर गाणी रचीत असे. मोर्च्यात त्याचे गाणे सुरू झाले की पाय आपोआप उचलले जात. एके दिवशी एका कॅसेटवाल्याने त्याला गाठले, थोडी एकरकमी रक्कम दिली आणि एका कागदावर सही घेतली. तो पेढे घेऊन आमच्याकडे आला. आम्ही पेढा खाल्ला, पाठ थोपटली. कागद मात्र वाचला नाही. मजुरीच्या करारातला स्वल्पविरामसुद्धा न सोडणारे आम्ही, पण हा कागद आम्हांला कागद वाटलाच नाही. गाणे म्हणजे हौस, असे आम्ही मनात धरून चाललो. त्या गाण्यांच्या कॅसेटी निघाल्या, मग तबकड्या निघाल्या, मग मोबाइलवर ती वाजू लागली. तो हमाल पाठीच्या दुखण्याने घरी बसला तेव्हा रस्त्यावरून त्याचेच गाणे जात होते. त्याने आम्हांला एकदाच विचारले, "साहेब, यातले आपले काहीच नाही का?" कपाटातून कागद काढून त्या दिवशी आम्ही तो प्रथम वाचला. सारे हक्क, सर्व काळासाठी, लिहून दिलेले होते. २०१२ ची दुरुस्ती पुष्कळ दूर होती. आमच्यापाशी उत्तर नव्हते.

म्हणून या जिल्ह्यातल्या बँजोवाल्यांना, भीमगीते रचणाऱ्यांना, मोबाइलवर आपली गाणी टाकणाऱ्या मुलामुलींना चार गोष्टी सांगून ठेवतो. एका गाण्यात अनेक हक्क असतात: शब्दांचा, चालीचा, सादर करण्याचा आणि ध्वनिमुद्रणाचा. कोण कोणता देतो आहे ते वेगवेगळे लिहून घ्यावे. शब्द आणि चाल यांवरील हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मागे साठ वर्षे चालतो. म्हणजे आपण जे विकतो ते नातवाचेही असते. हक्क लिहून देण्याचा कागद लेखी आणि सहीचा असावा लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षेच धरतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच धरतो. तेव्हा 'कायमचे' आणि 'सर्व जगासाठी' हे शब्द कागदात दिसले की पेन खाली ठेवावे आणि जाणत्या माणसाला विचारावे. गीतकार-संगीतकारांसाठी वसुली करणारी आय. पी. आर. एस. ही संस्था १९६९ पासून आहे. तिचे सभासद व्हावे. आणि फडात किंवा बँडमध्ये असाल तर गाणे कोणाचे, वाटा कोणाचा, हे मैत्री गोड असतानाच लिहून ठेवावे.

कोणी म्हणेल, आपण नरसीच्या नामदेवांच्या मातीतले. त्यांची एकसष्ट पदे पंजाबात गेली आणि गुरू ग्रंथसाहिबात विराजमान झाली. त्यांनी कोठे वाटा मागितला? बरोबर आहे. ज्याला द्यावयाचे त्याने मोकळ्या हाताने द्यावे. त्याच्यासारखा धनवान कोणी नाही. परंतु नामदेवांची पदे कोणी पोत्यात भरून काट्यावर विकली नव्हती. जेथे गाण्यावर काटा लागला, तेथे रचणाऱ्याचे माप त्याच्या पदरात पडले पाहिजे. मुंबईचा तो जुना बँड लोकप्रियतेच्या मागे तीन दारे हिंडला, त्यात लाजण्यासारखे काही नव्हते. त्याच्यापासून आम्ही एवढेच शिकलो की, दार कोणाचेही असो, आत जाताना गाणे आपल्या नावावर असावे.

तो हमाल आज हयात नाही. त्याचा मुलगा यार्डात मापाडी आहे आणि त्यालाही चाली सुचतात. गेल्या महिन्यात त्याने एक छापील कागद आणून आमच्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "काका, आधी वाचा." आम्ही चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचावयास बसलो.